हर्णैच्या पुळणीत कोणता हाफ-ट्रॅक कमी रुतेल?

हर्णैला ओहोटीच्या ओल्या वाळूत पिकअपची मागची चाकं रुतली की माणसं जमतात, फळ्या येतात, सल्ले तर फुकटच. अशा वेळी मला दुसऱ्या महायुद्धातले हाफ-ट्रॅक आठवतात: पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे.

अमेरिकन एम३ म्हणजे मुळात चिलखत चढवलेला ट्रक. वजन सुमारे ९ टन, वेग ताशी ७२ किलोमीटर. पट्टा पोलादी दोरांभोवती ओतलेल्या रबराचा, त्यामुळे देखभाल सोपी. शिवाय पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते.

जर्मन एसडीकेएफझेड २५१ ची पुढची चाकं मात्र नुसती वळतात, ओढत नाहीत. इंजिन १०० अश्वशक्तीचं, वेग ताशी सुमारे ५२. पण पट्टा लांब, त्यामुळे भार जास्त जागेवर पसरतो. स्टिअरिंग जास्त फिरवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला आपोआप ब्रेक लागतो. हे डोकं खरंच दाद देण्यासारखं! गोम आहे ती पट्ट्याच्या आतल्या, एकात एक गुंतवलेल्या चाकांत. मधे चिखल भरतो आणि आतलं चाक काढायला आधी बाहेरची उतरवावी लागतात. आषाढातल्या आमच्या तांबड्या चिखलात हे काम कोण करणार?

पुळणीवर मी जर्मन गाडी घेईन, घाटरस्त्याला आणि पावसाळ्यात एम३. छप्पर दोन्हींना नाही, तेव्हा इरलं हवंच.