गॅलेक्सी टॅब एस9 एफई: आठ महिन्यांचा अनुभव, शेजारी आयपॅड

टॅब घेताना मी फक्त कर्ण बघितला आणि तिथेच फसलो. माझा गॅलेक्सी टॅब एस9 एफई 10.9 इंची, ताईचा दहाव्या पिढीचा आयपॅडही 10.9 इंची. म्हटलं, स्क्रीन सारखीच. घरी एकावर एक ठेवले तेव्हा कळलं की माझी स्क्रीन लांबट, 16:10 आहे आणि तिची बरीचशी वहीच्या पानासारखी. उभा धरला तर माझी रुंदी साधारण 14.7 सेंमी, तिची 15.8.

एका सेंटीमीटरचं काय एवढं? माझं काम दिवसभर ए4 पीडीएफवर खुणा करण्याचं. 21 सेंमी रुंदीचं पान माझ्याकडे मूळ आकाराच्या 70 टक्के दिसतं, तिच्याकडे 75. बारीक टाइपातले रफार आणि अनुस्वार तपासायचे असले की हा फरक डोळ्यांना बरोबर कळतो. हल्ली मी पानाचे समास कापून वाचतो, त्यानं बरंच भागतं. व्हिडिओला मात्र लांबट स्क्रीनच बरी, काळ्या पट्ट्या कमी येतात.

मग तरी हाच का ठेवला? पेनमुळे. एस पेन, म्हणजे स्क्रीनवर लिहायचं सॅमसंगचं पेन, खोक्यातच येतं, चार्ज करावं लागत नाही आणि दाब ओळखतं (जोरात टेकवलं की रेघ जाड). ताईला अ‍ॅपलची पेन्सिल, म्हणजे आयपॅडचं पेन, वेगळी घ्यावी लागली. त्यात पहिल्या पिढीच्या पेन्सिलला लायटनिंग (अ‍ॅपलचा जुना) प्लग आणि आयपॅडला यूएसबी-सी, म्हणजे मध्ये अ‍ॅडॉप्टर आलाच. 2023 मध्ये आलेली यूएसबी-सी पेन्सिल ही कटकट सोडवते, पण दाब ओळखत नाही. किमतीची तुलना करताना लोक पेन धरतच नाहीत. ते धरा, मग हिशेब करा.

हौसेनं कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावला होता (कंपनीचं नाव घेत नाही). लिहायला मजा आली, पण अक्षरं दाणेदार दिसायला लागली आणि दोन महिन्यांत निब झिजली. काढून फेकला.

वेगात आयपॅड पुढे. त्यातला ए14 हा 2020 चा चिप, तरी माझ्या टॅबमधल्या एक्सिनॉस 1380 चिपला मागे टाकतो. दोनशे पानांची स्कॅन केलेली फाइल भराभर उलटताना ते दिसतं, साध्या लिखापढीत नाही. माझी स्क्रीन 90 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 90 वेळा ताजी होणारी, पण त्याचं कौतुक चार दिवस टिकलं.

साठवण माझ्याकडे 128 जीबी, शिवाय मायक्रोएसडी कार्ड. ताईचा 64 जीबीचा, त्याला कार्डाची सोय नाही. तिचं दर महिन्याला फोटो पुसणं चालू असतं. चार्जर मात्र तिच्या खोक्यात होता, माझ्या नाही. टॅब 45 वॅटपर्यंत घेतो, पण तसा चार्जर आपणच शोधायचा.

एकदा पाण्याचा अख्खा पेला टॅबवर सांडला. पुसला, काम पुढे चालू. त्याला धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी68 मानांकन आहे, आयपॅडला तसं काही नाही.

सुरक्षा अपडेट टॅब बाजारात आल्यापासून पाच वर्षं मिळायची आहेत, म्हणजे 2028 पर्यंत. तोवर बदलायचा विचार नाही. ताई सही करायची असली की माझा टॅब मागते आणि रात्री लांबलचक मजकूर वाचायचा असला की मी गुपचूप तिचा उचलतो.