शालेय बास्केटबॉल संघासाठी बचाव: मॅन-टू-मॅन की झोन?

फोंड्यातील एका क्रीडाशिक्षकांनी विचारले की, चौदा वर्षांखालील मुलांना आधी कोणता बचाव शिकवावा.

सरावाच्या वेळेचा विचार केल्यास २-३ झोन स्वस्त पडतो, कारण पुढे दोन आणि मागे तीन खेळाडू आपापली जागा राखतात व मांडणी थोड्या दिवसांत अंगवळणी पडते. पावसाळ्यात आपली उघडी सिमेंटची मैदाने निसरडी होतात आणि सरावाचे दिवस घटतात, त्यामुळे हा मुद्दा गोव्यात क्षुल्लक नाही. मॅन-टू-मॅनमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला धरून राहण्याच्या बचावात, पायांची हालचाल, अंतर आणि सहकाऱ्याला मदत या गोष्टी रोज घोटाव्या लागतात. दमही अधिक लागतो.

खरा फरक जबाबदारीत आहे. झोनमध्ये बास्केट झाली की ‘तो माझ्या जागेत नव्हता’ असे म्हणून सुटता येते. मॅन-टू-मॅनमध्ये कोणाचा खेळाडू सुटला हे पाचही जणांना ठाऊक असते, म्हणून एकमेकांना हाक देण्याची सवय लागते आणि माझ्या मते संघवृत्ती तिथेच घडते. मात्र प्रशिक्षकाने चूक दाखवताना मुलाला चारचौघांत खजील केले, तर हाच बचाव संघ फोडतो.

झोन कमी दर्जाचा मुळीच नाही: सिराक्यूज विद्यापीठाने २००३चे अमेरिकी महाविद्यालयीन विजेतेपद २-३ झोनवरच मिळवले. त्याची दुखरी बाजू म्हणजे ६.७५ मीटरवरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून अचूक फेकणारा प्रतिस्पर्धी.

स्पर्धा पंधरवड्यावर असेल किंवा राखीव खेळाडू मोजकेच असतील, तर झोन घ्यावा; तीच मुले दोन-तीन वर्षे हाताशी राहणार असतील, तर मॅन-टू-मॅनपासूनच आरंभ करावा.