नवं मच्छी मार्केट: इमारतीला चार, ठरावांना दोन

खानावळ चालवणाऱ्या बाईला गावातलं पहिलं विचारणं असतं, "आज काय मिळालं?" आणि दुसरं, गेल्या वर्षापासून, "नवं मार्केट कसं आहे?" सारखं तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. गावाचं नाव घालत नाही. कोकण किनाऱ्यावरची 'क' वर्ग नगरपरिषद म्हणजे चाळीस हजारांच्या आतली वस्ती, एक खाडी, एक जेटी, एक एस.टी. स्टँड, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असलेली माणसं. तुमच्या गावातही असंच मार्केट झालेलं असेल किंवा होऊ घातलेलं असेल, तर वाचा.

आधी काय होतं ते सांगते, म्हणजे तक्रारी वाचताना प्रमाण राहील. जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका पाट्या मांडून बसायच्या. वर निळी-पिवळी ताडपत्री, खाली फाटकी गोणपाटं, मधून रिक्षा. मासे धुतलेलं पाणी रस्त्यावर, त्यात कावळे, मांजरं आणि पावसात तुमची चप्पल. सुरमई घासाघीस करून घ्यायची आणि मागून हॉर्न वाजला की पिशवीसकट गटाराकडे सरकायचं. त्या रस्त्याची आठवण काढून हळहळणारे बहुतेक जण मासे आणायला स्वतः कधी जात नव्हते.

नवी इमारत या सगळ्याला उत्तर आहे आणि बऱ्याच बाबतींत चांगलं उत्तर आहे. छप्पर उंच आहे, वरच्या बाजूला चारी अंगांनी वारा जायला जागा सोडली आहे, त्यामुळे मे महिन्यातही आत वास कोंडत नाही. गटार ओट्यांच्या मागून जातं, त्यावर लोखंडी जाळी, आणि ज्याने कोणी उतार काढला त्याला माझा नमस्कार: पाणी खरोखर वाहतं. सरकारी बांधकामात उतार योग्य दिशेला असणं ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडच्या सभागृहाच्या गच्चीवर अजून डबकं साठतं. मार्केटला नळ भरपूर आहेत, आणि टाकी मोठी असल्याने सकाळी नळाला तासभरच पाणी आलं तरी दुपारपर्यंत पुरतं. सुकी मासळी, म्हणजे सोडे, सुकट, बोंबील, खारा बांगडा, यांना वेगळी कोरडी ओळ दिली आहे. इमारतीला पाचातले चार तारे मी हसत देते.

एक तारा ओट्यांनी खाल्ला.

ओटे कमरेइतके उंच केले आहेत. वर काळा ग्रॅनाइट, मागे विकणारीने उभं राहायचं, पुढे गिऱ्हाइकाने. कागदावर छान दिसलं असणार. पण आमच्याकडे मासे विळीवर कापतात. विळी पायाखाली दाबून धरायची असते आणि त्यासाठी खाली बसावं लागतं. शिवाय ओट्यावर बसणाऱ्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. सकाळी आठपासून एकपर्यंत त्यांनी उभं राहायचं? पहिल्याच आठवड्यात माझी नेहमीची मासेवाली म्हणाली, "वैनी, उभ्याने विळी चालवू तर पाय कुठे ठेवू, डोक्यावर?" मग त्यांनी आपापला मार्ग काढला. स्टुलावर पाय देऊन त्या ओट्यावरच चढून बसल्या. आता विळीचं पातं बरोबर गिऱ्हाइकाच्या छातीसमोर येतं आणि सोललेल्या कोळंबीची सालं तुमच्या दुपट्ट्यावर. कापून देणाऱ्या बायका तर थेट जाण्यायेण्याच्या वाटेत जमिनीवर बसतात, कारण त्यांच्यासाठी जागाच काढलेली नाही. वाट रुंद ठेवली होती ती अशी गेली. लादी चकचकीत, ओली झाली की पाय घसरतो, म्हणून तिच्यावर पुन्हा तीच जुनी गोणपाटं.

हे कोणी ठरवलं म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि उत्तर मुदतीत आलं हे सांगायला हवं. खरं तर ठराव कार्यालयाने आपणहून लोकांसमोर ठेवावेत असं त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं, पण ते असो. कागद हातात आले तेव्हा मजा वाटली. ठरावाखाली सूचक, अनुमोदक यांची नावं असतात ना, तिथे नावंच नव्हती. सगळीकडे एकच: प्रशासक.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: इतर मागास वर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्या एका खुर्चीकडे गेले. कुठे तो प्रांताधिकारी होता, कुठे मुख्याधिकारीच. आमच्याकडे मुख्याधिकारी. म्हणजे प्रस्ताव पाठवणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणारा तोच. माणूस वाईट नव्हता, कामं झपाट्याने झाली, ही इमारतही त्याच काळात उभी राहिली. नगरसेवक असते तर दोन वर्षं भूमिपूजनाच्या नारळावरून भांडण झालं असतं, हेही मला माहीत आहे. पण आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक, ज्यांनी एरवी कुठला प्रश्न विचारला असेल तर मला तरी माहीत नाही, त्यांची आई आणि आजी दोघी मासे विकायच्या. सभेत तो नकाशा आला असता तर ओट्याची उंची बघून त्यांनी तोंड उघडलं असतं एवढी खात्री आहे.

दुसरी गंमत छपराची. उजेडासाठी मधेमधे पारदर्शक पत्रे घातले, चांगला विचार, पण ते निळे. निळ्या उजेडात माशाचा कल्ला बघणार कसा? ताज्या बांगड्याचा कल्ला लालभडक असतो, शिळा झाला की तपकिरी होत जातो. निळ्या पत्र्याखाली सगळेच कल्ले जांभळट. डोळ्यावरून, बोटाने दाबून, वासावरून कळतं, पण नवख्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही. जाणती माणसं मासा हातात घेऊन दाराच्या उन्हात जातात, बघतात आणि परत येतात. पांढरे पत्रे घातले असते तर फरक किती पडला असता? वरून ट्यूबलाइट आहेत, पण सकाळी त्या लावायला वायरमन येईपर्यंत बाजार अर्धा झालेला असतो.

शीतगृहाबद्दल फार लिहीत नाही. खोली आहे, यंत्र आहे, जोडणी व्यापारी दराने घ्यायची की आणखी कुठल्या, यावर कागद फिरतो आहे. सध्या आत डास मारायच्या धुराची यंत्रं ठेवली आहेत. बायका जुन्या पद्धतीने थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ भरतात. आपल्याकडच्या उन्हात किलोभर मासळीला किलोभर बर्फ हवा; परवडत नाही म्हणून त्या त्याच्या निम्म्यावर भागवतात. बांगडा-तारलीच्या बाबतीत हे अंगाशी येऊ शकतं. हे मासे गरमीत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाऊन तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं आणि माणूस म्हणतो मला मासे बाधतात. म्हणून मी बांगडे साडेआठच्या आत घेते, नाही मिळाले तर त्या दिवशी थाळीला दुसरा मासा.

आता चांगला ठराव. कागदांच्या गठ्ठ्यात हा एक वाचून मी खरंच खूश झाले: बंदरावर उतरलेली मासळी एका ओळीत आणि गाडीने बाहेरून आलेली दुसऱ्या ओळीत, दोन्हीवर पाट्या. 2018 च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायला वापरतात ते रसायन, असल्याची ओरड झाली आणि गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी काही काळ बंद केली, ते आठवतंय? तेव्हा माझ्या खानावळीत बसून लोक ताटातल्या तुकडीचा वास घेत होते. मी शपथा घेऊन थकले होते. आता विचारलं की सांगते, मार्केटात जा, डाव्या ओळीला बंदराची मासळी आहे. गाडीची मासळी वाईट असते असं मुळीच नाही, जून-जुलैत तर तिच्यावरच चालतं. पण कुठून आली हे कळणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पाट्या नगरपरिषदेने स्वतः रंगवून दिल्या आणि पहिले काही महिने त्यांचा माणूस फिरून बघायचाही. आता फिरत नाही, तरी बायकाच एकमेकींवर लक्ष ठेवतात, आणि ते जास्त कडक आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या सक्तीबद्दल मात्र माझं मत दोन्हीकडे आहे. सुरमई, पापलेट, हलवा वजनावर घेणं सोयीचं आणि काट्याचं दरवर्षी मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी होऊन शिक्का, व्हावं लागतं, तेही बरं. पण पेडवे, मांदेली, तिसऱ्या? हे वाट्याने घ्यायचे मासे. वाटा लावला की वर चार जास्तीचे पडतात, ओळख असेल तर सहा. काट्यावर ते चार मासे गेले. बायकांनी यावरही तोड काढली आहे: काटा समोर चालू असतो, शून्य दाखवतो, आणि व्यवहार वाट्यानेच होतो.

माझा खरा राग ओट्यांच्या वाटपावर आहे. जुन्या रस्त्यावर बसणाऱ्या सगळ्या बायकांना आधी ओटे आणि उरलेल्यांचा लिलाव, असं त्यांना तोंडी सांगितलं होतं. झालं उलट. बरेच ओटे लिलावात गेले, अनामत अशी की ज्याच्याकडे गाडी आणि बर्फाचा कारखाना आहे त्यालाच परवडावी. नगरपरिषदेने उत्पन्न बघू नये असं मी म्हणत नाही, घरपट्टी-पाणीपट्टीवर गाव चालत नाही. पण 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, तिच्यात निदान 40 टक्के विक्रेते आणि त्या विक्रेत्यांत एक तृतीयांश बायका असायला हव्यात. बसल्या जागेवरून हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. मी कागदांत समितीच्या सभेचं इतिवृत्त मागितलं होतं. उत्तर: 'माहिती उपलब्ध नाही.' ज्यांना ओटा मिळाला नाही त्या आता डोक्यावर पाटी घेऊन आळीआळीत फिरतात, आणि गिऱ्हाइकालाही ते सोयीचं, कारण मार्केटात गाडी लावली की पार्किंगच्या ठेकेदाराचा पोरगा पावती फाडतो. दोनशेच्या मासळीवर वीस रुपये पार्किंग कोण देणार? म्हणजे बाजार एका छताखाली आणायचा म्हणून एवढं बांधलं आणि पावतीपुस्तकाने तो परत रस्त्यावर काढला.

भाड्याचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. त्या दोन महिन्यांत बंदराच्या ओळीवर काय विकणार? थोडी खाडीची मासळी, थोडी सुकी. ओट्याचं भाडं मात्र बाराही महिने सारखं. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली त्याच पार्किंगवाल्याकडे. पाच तास बसणाऱ्या बाईने प्रत्येक वेळी पोराकडे किल्ली मागायची. हे ठरवणाऱ्याला तारे द्यायची माझी तयारी नाही. ठरावांना जे दोन मिळतात ते दोन पाट्यांचे.

2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 तारखेला मोजणी, गावाला पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. ओटेवाल्या बायकांनी सह्या आणि अंगठे करून अर्ज दिला आहे: एका ओळीचे ओटे गुडघ्याइतके खाली घ्या, कापणाऱ्यांना कोपरा द्या, जून-जुलैचं भाडं माफ करा, किल्ली आमच्याकडे द्या. सगळ्यांत स्वस्त मागणी शेवटची आहे, खर्च शून्य, तिला सभाही लागत नाही. बघू आधी काय होतं. ओट्यांचं अंदाजपत्रक बांधकाम विभागाकडे गेलंय म्हणतात.

तोवर येणार असाल तर: बुधवार, शुक्रवार, रविवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. सोमवारी-गुरुवारी या, निम्मं गाव शाकाहारी असतं आणि बायका गप्पा मारायच्या मनःस्थितीत असतात. संकष्टी सोमवार-गुरुवारी आली तर आणखी उत्तम. चपला रबरी तळाच्या घाला. गाडी एस.टी. स्टँडच्या मागे लावून चालत या. मासा घेण्याआधी दाराशी नेऊन उन्हात बघा, कोणी रागावत नाही. आणि साफ करून घ्यायचे पैसे वेगळे द्या. ओट्यावरच्या बाईला नव्हे, खाली जमिनीवर बसलेलीला, कारण त्या दोघी वेगळ्या असतात आणि भाव वेगळा ठरतो.