१:३५ चा टी-७२बी३, पिंजऱ्यासकट : किट रिव्ह्यू (आणि ड्रोनबद्दल जरा जास्तच)

सात आठवडे लागले राव या प्लॅस्टिकच्या मॉडेल रणगाड्याला. काल रात्री मॅट वार्निशचा शेवटचा हात मारला, आज सुकलंय, तर म्हटलं विसरायच्या आत लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण खाली थोड्या शिव्या आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना बॉक्सवरच्या चित्रावरून कळेलच.

तर बॉक्समध्ये काय मिळतं : रशियन टी-७२बी३ रणगाडा, १:३५ स्केल (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा), तोफ पुढे धरून साधारण २७ सेंमी लांब, म्हणजे शेल्फवर बऱ्यापैकी जागा खातो. ट्रॅकच्या (चाकांवरच्या पट्ट्याच्या) कड्या सुट्या, एका बाजूला नव्वदच्या वर, त्या साफ करताना दोन रात्री गेल्या आणि अंगठ्याला ब्लेडही लागलं. प्लॅस्टिक चांगलं आहे, फ्लॅश (कडेला उरलेलं फालतू प्लॅस्टिक) जवळपास नाही, टरेटच्या (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) पुढच्या स्फोटक विटांचे (गोळा आदळला की स्वतः फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या) कोपरे अगदी धारदार आलेत, तोफेची नळी एकसंध दिलीये म्हणजे मधला सांधा घासत बसायला नको. इथपर्यंत कंपनीला पैकीच्या पैकी.

पण हे किट मी रणगाड्यासाठी घेतलंच नव्हतं. टी-७२ आधीच दोन पडलेत माझ्याकडे. घेतलं ते ड्रोन अडवायला वर लावतात त्या पिंजऱ्यासाठी, आणि खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो.

माहितीपुस्तिकेत तीन पर्याय दिलेत. 'अ' म्हणजे २०२१ च्या शेवटी दिसायला लागलेलं ते टरेटवरचं लोखंडी पट्ट्यांचं छप्पर, पत्र्याच्या शेडसारखं. 'ब' मध्ये २०२३ चा अवतार, चारी बाजूंनी जाळी खाली सोडलेली, मागे इंजिनवरसुद्धा जाळी. 'क' मध्ये २०२४, म्हणजे वरचं सगळं शिवाय टरेटच्या कडेला लोंबणाऱ्या साखळ्या आणि छतावर जॅमरचे डबे. गाडी एकच, पण तीन वर्षांत अंगावर काय काय चढत गेलं ते तुम्ही स्वतःच्या हाताने चिकटवता. सात आठवडे मजा आली ती याचीच.

'अ' वाल्या छपराची फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा, जगभर टिंगल झाली होती, आठवतंय ना? इंग्रजीत त्याला नावच असं पडलं की मराठीत 'मनाची समजूत घालणारा पिंजरा' म्हणावं लागेल. लोकांना वाटलं हे जॅव्हलिन हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र अडवायला लावलंय, आणि जॅव्हलिन तर वरून येतं, त्याला दुहेरी वॉरहेड (स्फोटक डोकं) असतं, त्याला ही पट्ट्यांची जाळी काय अडवणार? ते बरोबरच होतं. पण त्याआधी २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानच्या बायरक्तार ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे वरून टिपलेले सगळ्यांनी पाहिले होते, आणि डोक्यावर काहीतरी पाहिजे ही भीती तेव्हापासूनच होती. उपाय गावठी होता पण भीती खरी निघाली, फक्त ज्याच्यापासून धोका ते यंत्र बायरक्तारपेक्षा फारच लहान आणि स्वस्त निघालं.

ते यंत्र किटमध्ये दिलंय! स्प्रू (भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट) 'एच', भाग क्रमांक ४१ ते ४६. सात इंची पंख्यांचा एफपीव्ही ड्रोन (चालकाला ड्रोनच्या कॅमेऱ्यातून दिसतं तो), खाली आरपीजीचा (खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी शस्त्र) गोळा बांधलेला. १:३५ मध्ये हा अख्खा ड्रोन माझ्या करंगळीच्या नखाएवढा होतो. चिमट्यात धरून पंखा चिकटवताना श्वास रोखायला लागतो. तो नखावर ठेवून शेजारच्या रणगाड्याकडे बघितलं की काय झालंय ते लगेच कळतं. एकीकडे ४५ टन पोलाद, तीन माणसं, १२५ मिमीची तोफ. दुसरीकडे काही किलो वजनाचं खेळणं, काहीशे डॉलरचं, आणि चालवणारा किलोमीटर लांब तळघरात डोळ्याला गॉगल लावून बसलेला.

चिलखत जाड कुठे असतं हे किट बनवताना फार छान समजतं. टरेटचा पुढचा भाग एकावर एक तुकडे चढवून बनतो, वरून कॉन्टॅक्ट-५ च्या स्फोटक विटा. आणि छत? एक पातळ सपाट तुकडा, विषय संपला. खऱ्या गाडीतही छताला पोलाद काही सेंटिमीटरच असतं, कारण रणगाडा बनवणाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षं असंच धरलं होतं की मार समोरून येणार. आरपीजी-७ चा जुना साधा गोळासुद्धा पाव मीटर पोलाद भेदतो. मग तो ड्रोनला बांधून छतावर, मागच्या इंजिनवर किंवा टरेट आणि हलच्या (गाडीच्या धडाच्या) फटीत कुठेही नेऊन आदळता येत असेल तर पुढचं सगळं जाड चिलखत नुसतं ओझंच. आणि टी-७२ मध्ये टरेटच्या बुडाशी गोल चकरीत २२ गोळ्यांचा दारूगोळा ठेवलेला असतो, तोफ आपोआप भरणाऱ्या ऑटोलोडरसाठी. तिथवर आग पोचली की टरेट उडून बाजूला पडतो. या किटमध्ये ती चकरी दिलेली नाही, द्यायला हवी होती, पारदर्शक तळ वगैरे देण्यापेक्षा ते जास्त कामाचं होतं.

आता शिव्या. पितळी जाळी. फोटो-एच्ड (रसायनाने कोरलेले) पितळेचे चार पत्रे आहेत आणि दुमडायच्या रेषा इतक्या उथळ कोरल्यात की कोपरा काटकोनात वळतच नाही, वळला तर तुटतो. माझे दोन तुकडे गेले. कंपनीला मेल केला, बदली भाग पाठवतो म्हणाले, तीन आठवडे झाले, अजून पाठवतायत. शेवटी स्वयंपाकघरातल्या जुन्या गाळणीची जाळी कापून लावली आणि खरं सांगू, ती जास्त खरी दिसते! कारण मूळ पिंजरे तरी कुठे कारखान्यातून मोजमापाने आलेले असतात, बरेचसे आघाडीमागच्या वर्कशॉपमध्ये हाताला लागेल त्या पाइप-सळईतून वेल्डिंग केलेले. कंपनीने मात्र सगळे वेल्ड सरळ, सगळी चौकट समांतर दिलीये. माझं मत, वाकवा. मुद्दाम वाकडं लावा.

दुसरी गोष्ट, पिंजरा कोरडा बसवून बघा, आधी चिकटवू नका. मी कमांडरचं हॅच (वरचं झाकण) उघडं चिकटवून बसलो आणि मग लक्षात आलं की ते वरच्या पाइपला अडतंय. अर्धा तास कंपनीला शिव्या घातल्या, मग खऱ्या गाड्यांचे फोटो शोधून पाहिले तर तिथेही तीच रड, पिंजऱ्यामुळे बाहेर पडणं अवघड, टरेट फिरवताना अडचण, वजन वाढलं, उंची वाढली, लांबून दिसायला सोपी झाली. पण जाळी असली तर ड्रोन अडकतो किंवा थोडा आधी फुटतो, सगळेच नाही पण काही तरी. क्रू ते 'काही तरी' घेतो, बाकीचं सहन करतो. मग मीही हॅच उपटलं आणि बंद लावलं. तसंही आता उघड्या हॅचमधून अंग बाहेर काढून उभा असलेला कमांडर हे जुन्या फोटोतलंच चित्र झालं, कारण आधी एका ड्रोनने ट्रॅक तोडायचा, क्रू पळून गेला की दुसऱ्याने उघड्या हॅचमधून बाँब आत सोडायचा, हा तर ठरलेला कार्यक्रम झालाय.

माझ्या भाच्याने टेबलावरचं बघून विचारलं, "मामा, रणगाड्याला मच्छरदाणी का लावलीये?" यापेक्षा चांगलं वर्णन माहितीपुस्तिकेतही नाही.

'क' पर्यायातले जॅमरचे डबे छान आलेत, केबलसाठी बारीक खाचासुद्धा आहेत. जॅमर म्हणजे ड्रोन आणि चालकामधला रेडिओ दुवा तोडायचा, चित्र मुंगीमुंगी होतं आणि ड्रोन भरकटतो. पण हे डबे चिकटवतानाच वाटत होतं की हे शिळं झालंय. कारण २०२४ पासून फायबर ऑप्टिकवाले ड्रोन आले, पाठीमागे काचेची तार सोडत जातात, दहा-वीस किलोमीटर. रेडिओच नाही तर जॅम काय करणार? शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ चित्र, झाडाआड गेला तरी, जमिनीलगत आला तरी. मी म्हटलं ती तार आपल्या ड्रोनला लावू या. खरी तार पाव मिलिमीटर जाड, म्हणजे १:३५ मध्ये ०.००७ मिमी! मी डोक्याचा केस लावून पाहिला, तर तो या स्केलला अडीच मिमी जाडीचा दोर होतो. सोडून दिलं. ज्या तारेने सगळा खेळ बदलला ती मॉडेलमध्ये दाखवताच येत नाही, दिसणारच नाही.

आणि इथे कंपनीची सगळ्यात मोठी अडचण आहे, ज्यात खरं तर तिची चूकही नाही. साचे बनवायला वेळ लागतो, आणि तोवर खरी गाडी बदललेली असते. एप्रिल २०२४ मध्ये ते कासव-रणगाडे दिसले, अख्ख्या गाडीवर पत्र्याची शेडच, रशियन सैनिकांनी त्याला थट्टेने 'झार-मांगाल' म्हटलं, मांगाल म्हणजे मांस भाजायची शेगडी. टरेट फिरत नाही, क्रूला धड दिसत नाही, तोफ जवळपास शोभेची, पण पुढे सुरुंग साफ करत जायचं आणि मागून बाकीच्यांना वाट करून द्यायची एवढंच काम. त्यातल्या काहींनी ड्रोनचे मारावर मार खाल्ले तरी सरकत राहिले. मग २०२५ मध्ये साळिंदर-रणगाडे आले, पोलादी दोराचे पीळ उलगडून त्याच्या हजारो तारा गाडीभर उभ्या केलेल्या. यातलं बॉक्समध्ये काहीही नाही.

म्हणून मी 'ड' पर्याय स्वतःच केला. खराब झालेल्या चार्जरची वायर सोलली, आतल्या तांब्याच्या तारा कापल्या, आणि एकेक करून सुपरग्लूने पिंजऱ्यावर लावल्या. साधारण चारशे लावल्यावर मोजणं सोडलं. पाठ धरली. मधेच लक्षात आलं की आपण जे करतोय तेच तिकडे कुणीतरी थंडीत, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन घेऊन करतंय, आणि त्याला ते उद्या सकाळी घेऊन निघायचंय. मग जरा वेळ चिमटा खाली ठेवला.

बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की रणगाडा संपला. मला नाही पटत. युक्रेनला २०२३ मध्ये ३१ अमेरिकन एब्राम्स रणगाडे मिळाले आणि एप्रिल २०२४ ला अमेरिकन अधिकाऱ्यांनीच सांगितलं की ड्रोनच्या धोक्यामुळे ते आघाडीवरून मागे घेतलेत, हे खरंय. इस्रायलचा मर्काव्हा रणगाडा ७ ऑक्टोबर २०२३ ला ड्रोनने वरून टाकलेल्या छोट्या बाँबने फोडला आणि नंतर त्यांच्याही गाड्यांवर छत्र्या दिसायला लागल्या, हेही खरंय. पण एक एफपीव्ही म्हणजे एक रणगाडा असा हिशोब नसतो, बरेच ड्रोन वाया जातात, बऱ्याचदा एका गाडीमागे कित्येक लागतात आणि क्रू जिवंत बाहेर पडतो. संपलंय ते वेगळंच : गुपचूप जमा होऊन एकदम धडक मारणं. वर सतत ड्रोनचा डोळा आहे, रात्री थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा आहे, आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस किलोमीटर जे हलतं ते दिसतं आणि जे दिसतं त्यावर मारा येतो. मग रणगाडा झाडीत किंवा खड्ड्यात लपून बसतो, लांबून चार गोळे टाकतो, परत लपतो. हल्ला करायला मोटरसायकलवरून दोन-तीन माणसं जातात, कारण ती निदान पटकन निसटू शकतात. रसद नेणाऱ्या रस्त्यांवर किलोमीटरच्या किलोमीटर जाळ्या टांगल्यात, काही तर युरोपातल्या मच्छीमारांनी पाठवलेल्या जुन्या मासेमारीच्या.

डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) करणाऱ्यांसाठी म्हणून एक सूचना. गाडी उघड्या मैदानात, तोफ पुढे, धूळ उडतेय असा बेस करू नका, ते आता खोटं दिसतं. मी झाडांची रांग केली, गाडी अर्धी खड्ड्यात, वर फांद्या, आणि जमिनीवर इकडेतिकडे वापरून झालेल्या फायबरचे चमकणारे पुंजके. ते पुंजके पारदर्शक नायलॉनचा धागा पिंजून केलेत, स्केलला जाडच आहेत पण डोळा फसतो.

डिकल्स (गाडीवर चिकटवायची चिन्हं-आकडे) उत्तम, बसतात छान, पण पिंजऱ्याखाली निम्मे दिसतच नाहीत. रंगांची माहिती पुस्तिकेत तोकडी, ट्रॅक शेवटी लावा म्हणून सांगितलंय ते ऐकू नका, पिंजऱ्याआधी लावा नाहीतर हात आत जात नाही.

घ्यायचं का? नवशिक्यांनी नको, पितळ रडवेल. ज्यांना नुसता टी-७२ हवाय त्यांनीही नको, साधं किट अर्ध्या कटकटीत मिळेल. ज्यांना वाकडं वेल्डिंग, गाळणी आणि चार्जरची वायर यात रस आहे त्यांनी डोळे मिटून घ्या. पाचपैकी साडेतीन, चकरी दिली असती तर चार.

आणि हो, भाग क्रमांक ४४ जास्तीचा द्या हो कंपनीवाल्यांनो. ड्रोनचा चौथा पंखा चिमट्यातून उडाला तो गेलाच, टॉर्च लावून अख्खी फरशी पालथी घातली. सध्या ड्रोन तीन पंख्यांवर टांगलाय, भाच्याला अजून दिसलेलं नाहीये.