पंप नवा, वायर वीस वर्षांची: ऑक्टेव्हिया आरएसचं पंप रिवायरिंग, दहा महिन्यांनंतर

गाडी २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो. कंपनीची १५० बीएचपी, त्यावर आधीच्या मालकाने केलेला रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सेटिंग. मार्चमध्ये फ्युएल पंपाची वायरिंग बदलून घेतली. तेव्हापासून साडेअकरा हजार किलोमीटर झाले.

दुखणं असं होतं. नाशकात फिरताना गाडी गुणी. कसारा घाट चढताना तिसऱ्यात पाय दाबला की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे दम सोडायची. मध्येच चेक इंजिनचा दिवा, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप, आकडा जास्त म्हणजे पेट्रोल कमी) ०.८२ च्या आसपास हवा, तो ०.९४ दाखवायचा. टर्बो गाडीत हे चालू दिलं तर पिस्टनवर येतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून त्रास वाढला होता, आणि ते बरोबरच आहे. तेवढ्याच हवेला हे पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त लागतं.

गॅरेजवाला म्हणाला, पंप गेला. चौदा हजार मोजून नवा बसवला. पुढच्याच रविवारी घाटात तेच रडगाणं.

मग अंबडच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "पंपावर व्होल्ट किती मिळतात, शेठ?" हे तोवर कोणी मोजलंच नव्हतं, मीही नाही. मागच्या सीटखालच्या झाकणातून मल्टीमीटरच्या तारा बाहेर काढल्या, भाच्याला मागे बसवलं आणि पहाटे घाटाकडे निघालो. बॅटरीवर १३.९. पंपावर, गाडी उभी असताना १२.७. चढावर पूर्ण बूस्ट आला तसा मागून आवाज, "मामा, अकरा चार!" म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गायब.

यातली गंमत मला तेव्हा कळली. या इंजिनात रेग्युलेटर इंधनाचा दाब मॅनिफोल्डपेक्षा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांपेक्षा) ३ बार वर ठेवतो. बूस्ट १ बार झाला की पंपाला ४ बारविरुद्ध ढकलावं लागतं. पंप जास्त करंट ओढतो, आणि जितका करंट जास्त तितकी बारीक वायर जास्त व्होल्ट खाते. थोडक्यात, ऐन गरजेला पंप उपाशी. त्यात वीस वर्षांचे कनेक्टर, रिलेचे, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, काळे पडलेले पॉइंट. नुसत्या अर्थिंगच्या बाजूलाच ०.६ व्होल्ट जात होते.

काम तसं साधं. बॅटरीपासून मागेपर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज, डिकीत रिले, आणि पंपासाठी वेगळं अर्थिंग, बॉडीचा रंग खरवडून. पंपाची मूळ वायर आता फक्त रिलेला उठवते. हे महत्त्वाचं आहे. थेट इग्निशनवरून सप्लाय घ्या असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकलं तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ओतत राहील. मूळ वायरवरून ट्रिगर घेतला की इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीयू) पंप बंद करतो तेव्हा रिलेही बंद होतो. मजुरीसकट २,८०० रुपये लागले. चौदा हजारांचा पंप आठवला की अजून पोटात दुखतं.

त्याच चढावर आता पंपावर १३.४ मिळतात, लॅम्डा ०.८२ ते ०.८३. कोड परत आला नाही. गाडी रेड लाइनपर्यंत ओढते. पण नवीन ताकद वगैरे काही आलेली नाही, हरवलेली परत मिळाली एवढंच. ॲव्हरेज होतं तेच आहे. थंडीत सकाळी स्टार्ट जरा लवकर होते असं मला वाटतं, भाच्याला वाटत नाही. पंपाची गुणगुण मात्र वाढली. ती मागे बसणाऱ्याला ऐकू येते.

जुलैत एकदा फसलो. संध्याकाळी साडेसहा, नाशकातलं गर्दीचं द्वारका सर्कल, पाऊस, आणि गाडी बंद. ज्याला द्वारका माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. रिलेचा स्वस्तातला सॉकेट, त्यातली पंपाकडे करंट नेणारी ८७ नंबरची पिन सैल बसून तापली होती, प्लास्टिक तपकिरी झालेलं. वाचलो ते एकाच गोष्टीमुळे: मूळ कनेक्टर कापायचा नाही, मधे जोडणी बनवायची, हा हट्ट त्या वायरिंगवाल्याने धरला होता. जुना प्लग परत जोडला आणि मागच्या हॉर्नांच्या साक्षीने घरी आलो. नंतर ४० अँपिअरचा सीलबंद रिले आणि जाड पिनांचा सॉकेट टाकला. तो अजून हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

नव्या टीएसआय गाड्यांवर हा प्रयोग करू नका. तिथे टाकीतल्या पंपाचा वेग वेगळं कंट्रोल युनिट ठरवतं, मध्ये रिले घुसवला तर सगळा हिशोब बिघडेल. आणि गाडी कुठलीही असो, टाकीवरचं झाकण उघडण्याआधी बॅटरी काढा आणि चारही दारं उघडी ठेवा.

टाकीच्या झाकणातल्या पिना अजून मूळच्याच आहेत. सध्याच्या पंपाला त्या पुरतात. मोठा पंप टाकायचा झाला तर आधी तिथे हात घालावा लागेल. तो विचार अजून घरी बोलून दाखवलेला नाही.