क्रिस्टलची पाण्याची बाटली घेताय? आधी आतला दगड कुठला ते विचारा

नौपाड्यातल्या एका क्रिस्टलच्या दुकानातून दिवाळीच्या आधी पाण्याची बाटली घेतली, 1450 रुपये. जाड काच, बांबूचं झाकण, चार महिने झाले अजून गळत नाही, बाटली म्हणून 5 पैकी 4 स्टार. तिथे दोन प्रकार होते, एकीत दगड खालच्या बंद कप्प्यात राहतात, पाण्याला लागतच नाहीत, आणि दुसरीत सुट्टे पाण्यातच सोडायचे. दुकानातल्या ताई म्हणाल्या दगड पाण्याला लागला तरच एनर्जी उतरते, म्हणून मी सुट्टीवाली घेतली आणि सोबत दगडांची पुडी मिळाली, जांभळा, गुलाबी, एक पांढरी कांडी, सोनेरी आणि एक सुंदर हिरवा पट्ट्यापट्ट्यांचा. नावं विचारली तर "सगळे नॅचरल आहेत, काही होत नाही" एवढंच.

चौथ्या दिवशी मुलीने क्लासला जाताना त्यातच लिंबू पिळून नेलं. रात्री बाटली धुताना बघते तर हिरव्या दगडाची चकाकी गेलेली, हात फिरवला तर खरखरीत लागला. पोटात धस्स झालं. मावसभाऊ जिऑलॉजी शिकलाय, त्याला फोटो टाकला, लगेच फोन आला, ताई हा मॅलाकाइट आहे, तांब्याचं खनिज, आंबटात विरघळतं, ओत ते पाणी. सासूबाई बाजूलाच होत्या, म्हणाल्या अगं म्हणजे बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवल्यासारखंच झालं की, कळकणारच. अगदी तेच. तांब्याच्या तांब्यातलं पाणी आपण पितो पण त्यात लिंबू कोणी पिळत नाही ना. तांबं जास्त गेलं की मळमळ, उलट्या, पोटात कळा. मुलीला काही झालं नाही, नशीब.

मग सगळेच दगड भावाला दाखवले. जांभळा आणि गुलाबी म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटीच, ती पाण्यात विरघळत नाही, फक्त रंग चढवलेले दगड विकतात म्हणून मी दोन्ही पांढऱ्या वाटीत रात्रभर भिजवून बघितले, रंग सुटला नाही. पांढरी कांडी सेलेनाइट, म्हणजे जिप्सम, ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनवतात. नखाने ओरखडा उठतो इतकी मऊ, चार दिवसांत कडा झिजल्या होत्या, ते सगळं पाण्यातच गेलं की. सोनेरी पायराइट, लोखंड आणि गंधक, ओल आणि हवा लागली की गंजतो आणि त्यातून आम्ल सुटतं, वर काही पायराइटमध्ये आर्सेनिकही असतं.

नॅचरल आहे म्हणून चालतं हे मला अजिबात पटत नाही. हिंगूळ पण नॅचरलच, त्यात पारा. गॅलेना नावाचा चंदेरी चकचकीत दगड येतो, तो शिशाचा. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे ना, आयएस 10500, त्यात शिसं लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. इतक्या बारीक मापाच्या गोष्टीत पुडीवर दगडाचं नाव सुद्धा नको? सल्ल्यासाठी म्हणून 1 स्टार, तोही त्या ताई बोलायला चांगल्या आहेत म्हणून.

घ्यायचीच असेल तर बंद कप्प्याची घ्या, आणि कप्पा नुसता डिंकाने चिकटवलेला आहे की नीट बंद आहे ते बघून. सुट्टे बारीक दगड तर लहान मुलांच्या बाटलीत कुठलेच नको, घशात अडकतील.

गेल्या शनिवारी परत गेले होते, 300 रुपये वर घेऊन कप्प्याची बाटली बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण काउंटरवर पुड्या अजून तशाच, बिननावाच्या. माझ्या मागे एक मुलगी आईसाठी सुट्टीवाली बाटली घेत होती, तिला पुडी उघडायला लावली आणि हिरवा, सोनेरी आणि पांढरी कांडी बाजूला काढून दिली, म्हटलं हे शोकेसमध्ये ठेव, पाण्यात नको.