‘लोकल एनव्हीएमई’ सांगून गळ्यात मारलेला सर्व्हर

पतसंस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवायचं आमचं काम. डेटाबेस पोस्टग्रेस. त्यासाठी एका विक्रेत्याकडे वर्षाचे पैसे आगाऊ भरून डेडिकेटेड, म्हणजे फक्त आमच्यासाठीचा, सर्व्हर घेतला. कोटेशनवर ठळक अक्षरांत होतं: एनव्हीएमई डिस्क, मशीनमध्येच बसवलेली. एनव्हीएमई म्हणजे अतिवेगवान एसएसडी डिस्क; दरही त्याच नावाखाली चढा लावलेला.

ताबा देताना त्यांच्या माणसाने स्क्रीन शेअर करून ‘डीडी’ ही डेटा लिहून वेग दाखवणारी लिनक्स कमांड चालवून दाखवली. सेकंदाला दोन जीबीच्या वर आकडा! हातचलाखी इथेच होती. ‘ओफ्लॅग’मध्ये ‘डायरेक्ट’ हा पर्याय न देता डीडी चालवलं की डेटा आधी रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे कॅशेत जातो, आणि दिसतो तो बहुतेक रॅमचाच वेग. मागे डिस्क कसलीही असो.

संध्याकाळी शाखांची दिवसअखेर सुरू झाली आणि आमचे फोन खणखणू लागले. व्हाउचर सेव्हच होईना. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, एफसिंक करतं, म्हणजे ‘लिहून झालं’ असं डिस्ककडून कळेपर्यंत थांबून राहतं. त्यामुळे एकेका छोट्या लिखाणाला किती वेळ लागतो, यावर सगळं अवलंबून. शिवाय ‘एफआयओ’ या वेग मोजायच्या साधनाने कॅशे टाळून मोठी फाइल वाचली, तर वेग सेकंदाला ११०-११५ एमबीवर येऊन अडायचा. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून साधारण एवढंच जातं. एनव्हीएमई त्याच्या कैक पट वेगवान असते.

मग डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ कमांडकडे, डिस्क कशी जोडली आहे ते सांगणारा ‘ट्रॅन’ हा रकाना मागितला. तिथे लिहिलेलं, आयस्कझी! म्हणजे डिस्क दुसऱ्याच मशीनमध्ये, नेटवर्कवरून जोडलेली. ‘डेव्ह’मधल्या ‘डिस्क, बाय-पाथ’ फोल्डरात तर डिस्कच्या नावातच त्या मशीनचा आयपी पत्ता होता. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणतो, “सर, त्या स्टोरेजमध्ये एनव्हीएमईच आहेत ना!” असतील बापडे. मधल्या वायरचं काय?

नेटवर्क स्टोरेज वाईट नाही. मशीन बंद पडलं तरी डेटा शाबूत राहतो, हा मोठाच फायदा. पण तसं सांगून, त्या दराने विका ना.

नुसतं ‘एनव्हीएमई’ नाव दिसलं म्हणून डिस्क लोकल समजू नका. अ‍ॅमेझॉनच्या नव्या मशीनवर ईबीएस ही नेटवर्कवरची डिस्कसुद्धा एनव्हीएमई म्हणूनच दिसते; मात्र मॉडेलच्या रकान्यात ‘इलास्टिक ब्लॉक स्टोअर’ असं सरळ लिहिलेलं असतं. एनव्हीएमई नेटवर्कवरूनही जोडता येते, म्हणून ‘सिस’ फोल्डराखाली त्या डिस्कच्या कंट्रोलरची ‘ट्रान्सपोर्ट’ फाइल उघडा: ‘पीसीआयई’ असेल तर डिस्क सहसा मशीनमधलीच, ‘टीसीपी’ किंवा ‘आरडीएमए’ असेल तर नेटवर्कवरची. व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या मशीनचा भाग करून दिलेल्या आभासी सर्व्हरवर, डिस्कचं नाव ‘व्हीडीए’ दिसत असेल, तर मागे काय आहे ते आतून कळतच नाही. तिथे एफसिंकसकट छोट्या लिखाणाचा वेळ मोजणं एवढंच हातात.

पैसे परत मिळाले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सहसा बसत नाही, हे विक्रेत्याला आमच्याआधी ठाऊक होतं. हल्ली आम्ही महिन्याचेच पैसे भरतो, आणि ‘ट्रॅन’ रकान्यात काय दिसेल ते कोटेशनवर सही-शिक्क्यासह लिहून घेतो.